तुझं माप तूच घे

टेप माझ्या पायाशी येऊन पडला. काकूनं तो उंबऱ्याच्या आतनं फेकला होता.

"तुझं माप तूच घे," काकू म्हणली. "न् आकडा सांग. मी लिहून घेते."

मी आठवीत होते. शाळेत आठवीपास्नं पोरींना फ्रॉक बंद, पंजाबी ड्रेस सुरू. आईनं हदगावच्या बाजारातनं निळं-पांढरं कापड आणलं न् मला काकूकडं धाडलं. आमच्या गावात बायांचे कपडे शिवणारी ही काकू एकटीच. घर वरच्या आळीत. आमची वस्ती गावाच्या बाहेर, निळ्या झेंड्याच्या पलीकडं.

कापड मात्र तिनं माझ्या हातातनं सरळ घेतलं. कोऱ्या कापडाला विटाळ नसतो म्हणे. विटाळ आमच्या अंगाला.

ओसरीवर तीन बाया तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर अंगणात उभी राहून मी टेप उचलला. जन्मात कवा हातात धरला न्हवता. छातीभोवती घ्यायला गेले तर हात मागं पुरंना. टेप घसरून कमरेवर आला. परत वर घेतला. कसाबसा धरला न् जो आकडा दिसला तो वाचला.

"बहात्तर."

काकूनं पेन्सिल थांबवली. "किती?"

"बहात्तर."

"बहात्तर इंच छाती," काकू त्या बायांना म्हणली. "आमची म्हैस बी एवढी भरायची न्हाई."

हसल्या. पोट धरून हसल्या. एकीच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या न् ती त्या गोळा करता करता बी हसत होती.

टेपाला दोन बाजू असतात. एकीकडं इंच, दुसरीकडं सेंटिमीटर. मी सेंटिमीटरची बाजू वाचली होती. मला कुणी सांगितलंच न्हवतं. काकूला माहीत होतं. तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याहून सोपं म्हणजे उठून दोन पावलं पुढं यायचं न् माप घ्यायचं. गावातल्या बाकी सगळ्या पोरींचं ती तसंच घ्यायची. दोन पावलं तिला जड झाली. माझी म्हैस करणं सोपं गेलं.

"ठेव उंबऱ्यावर," ती म्हणली. "अंदाजानं शिवते."

मी टेप ठेवला. तिनं ओल्या फडक्यानं तो या टोकापास्नं त्या टोकापर्यंत पुसला. माझ्याकडं बघत पुसला. मी जाईपर्यंत थांबायची सुद्धा तिला गरज वाटली न्हाई.

अंदाजानं शिवलेला ड्रेस अंगाला आवळून बसला. छातीवर घट्ट, काखेत घट्ट, वर उचलला जाणारा. आई तो घेऊन परत काकूकडं गेली, बाजूची शिलाई उसवून जरा सैल करून द्या म्हणाया. काकूनं ड्रेसला हात लावला न्हाई. "अंगावर चढलेलं मी परत घेत न्हाई," म्हणली. म्हणजे कापड कोरं होतं तवर चाललं. माझ्या अंगाला लागलं न् बाटलं.

तोच ड्रेस घालून मी शाळेत गेले. खेळाच्या तासाला सरांनी हात वर करायला सांगितले. मी केले. काखेत टर्रकन फाटला. पोरं बघून राहिली. पोरंच काय, सर बी बघून राहिले. त्या वयात पोरीला आपल्या अंगाचं नवं नवं ओझं वाटत असतं. मला वाटलं जमीन फाटावी. जमीन फाटत नसती. ड्रेसच फाटतो.

घरी आले तवा आई कापूस वेचून आली होती. अंगात बाबांचा जुना शर्ट. आमच्याकडच्या बाया शेतात जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत न्हाई, बोंडाचं टोक ओरबाडत न्हाई, न् मुकादमाची नजर बी कॉलरच्या आत शिरत न्हाई. आईनं माझी काख बघितली. तिथंच बटणं सोडली, शर्ट काढला न् माझ्या अंगावर घातला. घामानं ओला होता.

मी वर्षभर तो शर्ट ड्रेसवर घालून शाळेत गेले. सरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. "हे बुजगावणं कुठून आलं?" पोरांनी ते वर्षभर चालवलं. पण बुजगावण्याकडं कुणी तसं बघत न्हाई. हे मला त्या वर्षी कळलं.

लोक म्हणतात, लहानपणचं विसरावं. काहून विसरावं? ज्या हसल्या त्यांनी विसरावं का न्हाई ते त्यांचं त्या बघतील. मी विसरले असते तर आज माझ्याकडं काहीच नसतं. माझा सगळा धंदा त्या शर्टातनं निघाला हाय.

लग्न होऊन नांदेडला आले. शिवण शिकले, एका दुकानात कारागीर म्हणून लागले. तिथं माझ्या बाजूच्या मशीनवर नसीम होती. कटिंगला तिचा हात असा, की कातर कागदावर चालावी तशी जाड कापडावर चालायची. नसीम बुरखा घालायची न् तिच्या भावजया, नणंदा, गल्लीतल्या पोरी सगळ्यांचं एकच रडगाणं. अंगभर, सैल, बंद गळ्याचं घालायचं तर काळा बुरखा न्हाईतर आजीबाईचा झगा. न् माप द्यायला पुरुष मास्टरकडं जायचं. "माप लेते लेते हाथ कां कां जाता, मालूम है ना तेरेकू," नसीम म्हणायची. मला माहीत होतं. सगळ्या बायांना माहीत असतं.

एक दिवस मी नसीमला आईच्या शर्टाची गोष्ट सांगितली. काकूची सांगितली न्हाई. तेवढी हिंमत न्हवती. नसीमनं खडू घेतला न् तिथंच कापडावर तो शर्ट काढला. गुडघ्याच्या खालपर्यंत लांब, पूर्ण बाह्या, उभी कॉलर, बटणाची पट्टी झाकलेली. मी म्हणलं, दोन खोल खिसे पायजेत. आईच्या शर्टाला खिसा होता म्हणून आईजवळ पहिल्यांदा स्वतःची अशी जागा होती. तिच्यात ती तंबाखूची डबी न् बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवायची.

असं आमचं सुरू झालं. नसीमच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी, मग चार. मी, नसीम न् आणखी तिघी. उर्दू शाळेच्या मास्तरणी आल्या. दवाखान्यातल्या नर्सा आल्या. हदगावहून रोज एसटीत उभी राहून येणारी एक तलाठीण आली न् म्हणली, "ताई, हा शर्ट घातला की गर्दीत कोपर मारायला बळ येतं." मुसलमान, बौद्ध, लिंगायत, मराठा, सगळ्या आल्या. झाकून घ्यायचं मन कुठल्या एका जातीचं न्हाई.

पहिला शर्ट मात्र आईचा. तिला गावाहून बोलावलं, उभं केलं, मी टेप घेतला. आई अंग चोरायला लागली. खांदे आत, मान खाली, हात पोटाशी. मी म्हणलं, "आई, सरळ उभी राहा की." ती म्हणली, "सवय न्हाई माय." म्हातारपणाला टेकलेल्या बाईच्या खांद्यावर पहिल्यांदा कुणीतरी टेप ठेवून राहिलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं न्हाई. राग आला. तो अजून गेला न्हाई.

मापाची आमची पद्धत मी ठरवली. बाई आली की पहिलं विचारायचं, "मी माप घेऊ का तुम्ही घेता?" ज्यांना परक्या हाताचा संकोच हाय त्या पडद्याआड जातात. मी बाहेरनं सांगते, मानेमागचं हाड सापडलं का, तिथं टेप ठेवा, आता खाली सोडा. आमच्या प्रत्येक टेपाची सेंटिमीटरची बाजू मी काळ्या शाईनं रंगवून टाकली हाय. माझ्या दुकानात कुणी बाई चुकीचा आकडा वाचून हसू करून घेणार न्हाई. न् ज्यांना संकोच न्हाई त्यांचं मी हातानं घेते. पण विचारायचं. हा आमचा कायदा.

मग लातूरच्या मॅडम आल्या.

मॅडमचं लातूरला मोठ्या रस्त्यावर साड्या-ड्रेसचं दोन मजली शोरूम. आमचे शर्ट त्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवर बघितले होते. गाडी घेऊन नांदेडला आल्या, कापड चोळून बघितलं, शिलाई उलटून बघितली. म्हणल्या, "हल्ली मॉडेस्ट फॅशनला, अशा अंगभर कपड्यांना, फार मागणी आहे. आपण लातूरला मोठं लाँचिंग करू." आम्ही पाचजणी एकमेकींकडं बघून राहिलो. लातूरला शोरूम म्हणजे नसीमच्या पुढच्या खोलीतनं बाहेर पडणं. नसीमनं चहा केला. मॅडम म्हणल्या, आज उपास आहे. दुसऱ्यांदा आल्या तवा बी उपास. तिसऱ्यांदा बी. तीन वेगवेगळे वार, तीन उपास. मला तवाच कळायला पायजे होतं. पण माणूस आशेला लागलं की त्याला दिसत न्हाई. त्याला दिसलं तरी ते बघत न्हाई.

सहा महिने आम्ही राबलो. साठ शर्ट. प्रत्येकीनं घरी भांडून वेळ काढला. नसीमनं सासूला सांगितलं होतं, हे लातूरचं झालं की घरात मी मागायची न्हाई, देईन.

लाँचिंगच्या दिवशी शोरूमच्या वरच्या हॉलमध्ये फुलं, खुर्च्या, पाठीमागं मोठं बॅनर. त्यावर कलेक्शनचं नाव, 'शालीन'. आम्हाला विचारलं न्हवतं. शालीन. आई घामेजला शर्ट घालून कपाशीत वाकायची तवा तिला कुणी शालीन म्हणलं न्हाई. मी घातला तर बुजगावणं. तोच शर्ट लातूरच्या हॉलमध्ये हँगरला लटकला न् शालीन झाला. मी गिळलं. साठ शर्ट न् पाचजणींचे सहा महिने, म्हणून गिळलं.

मॅडम माईकवर बोलल्या. स्त्रीचा सन्मान, आपली संस्कृती, असं सगळं. टाळ्या झाल्या. मग बाया शर्ट बघायला उठल्या. कोपऱ्यात मापाचा पडदा लावला होता. मी तिथं उभी, टेप गळ्यात. नसीम हँगरपाशी.

एक वयस्कर बाई सुनेला घेऊन आल्या. भरल्या घरच्या, हातात सोन्याच्या पाटल्या. शर्ट त्यांना आवडला होता, सुनेच्या अंगाला लावून बघितला. मग माझ्याकडं वळल्या.

"माप तुम्ही घेता का?"

मी म्हणलं, "हाव. मी घेऊ का सूनबाई स्वतः घेतील?"

"तुमचं आडनाव काय म्हणलं?"

मी काहीच म्हणलं न्हवतं. पण सांगितलं. आडनाव बी सांगितलं न् गाव बी. त्यांचा चेहरा बंद झाला. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम लगबगीनं आल्या, त्यांच्या दंडाला धरलं न् म्हणल्या, "काकू, काळजी नका करू. यांचा हात लागतच नाही. टेप आपल्या हातात देतात, आपलं माप आपणच घ्यायचं. या लांबूनच सांगतात. म्हणून तर मी ही पद्धत ठेवली."

मग त्या बाई म्हणल्या, "असं होय. मग काय न्हाई. शिवलेलं असलं तरी कापड कोरंच की, त्याला काय होतंय."

मी हे सगळं हाताच्या अंतरावर उभी राहून ऐकून राहिले होते. माझ्याच समोर. जसं काही मी हँगर हाय.

माझ्या कानात तुरीच्या शेंगा सांडल्या. खरं सांगते. वीस वर्षांनी मी परत त्या अंगणात उभी होते न् टेप पायाशी पडला होता. न् पहिला राग माझाच मला आला. म्हणजे मी केलं काय? काकूचा उंबरा उचलून आणला न् त्याला पडदा लावला? माझ्याच हातानं शिवून ह्यांना विटाळ पाळायची सोय करून दिली?

मग डोकं थाऱ्यावर आलं. न्हाई. माझ्या दुकानात बाई लाजते म्हणून टेप तिच्या हातात देते. इथं माझ्या हाताची किळस येते म्हणून टेप मागतात. टेप तोच, पडदा तोच. पण एक इज्जत हाय न् एक थुंकी हाय. ह्या मॅडमनं माझी इज्जत घेतली, तिच्यात थुंकली न् वर म्हणते मी ही पद्धत ठेवली.

मी गळ्यातला टेप काढला.

"मॅडम, इकडं या. पहिलं माप तुमचं."

त्या हसल्या. "माझं कशाला आता?"

"तुमचंच कलेक्शन हाय. पहिला शर्ट तुमचा. मी घेते माप. माझ्या हातानं. इथंच, सगळ्यांसमोर."

मी टेप ताणून पुढं गेले. एक पाऊल. मॅडम मागं सरकल्या. मी दुसरं पाऊल टाकलं. त्या आणखी मागं सरकल्या न् त्यांची पाठ हँगरच्या स्टँडला लागली. स्टँड हललं. खुर्च्यांवरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या.

"ताई, लोक बघतायत," त्या दबक्या आवाजात म्हणल्या.

"म्हणूनच म्हणून राहिले."

त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं टेप. माझं मी घेते."

काकू निदान गावातली होती, शिकलेली न्हवती. ह्या बाईनं आत्ताच माईकवर सन्मानाचं भाषण केलं होतं. न् तिला दोन पावलांचं अंतर काकूइतकंच लागलं.

मी टेप दिला न्हाई. म्हणलं, "तुमच्या घरी तीन वार उपास असतात, ते कळलं मला. हे शर्ट माझ्या हातानं शिवलेत. ह्याच हातानं. कॉलर, काज, बटण, सगळं. हात चालत नसंल तर शर्ट बी चालायचा न्हाई."

न् मी शर्ट काढायला लागले. हँगरवरनं एक एक. कुणी अडवलं न्हाई. त्या पाटल्यावाल्या बाईंच्या हातातला शर्ट मी मागितला. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, माझ्या हातात दिला न्हाई. मी खुर्चीवरनं उचलला. नसीम क्षणभर थांबली, मग दुसऱ्या बाजूनं ती बी काढायला लागली. पुतळ्यांच्या अंगावरचे बी उतरवले. चादरीत गठुडी बांधली न् आम्ही जिना उतरलो.

एसटीत चाकूर येईपर्यंत नसीम तशीच बसून होती. मांडीवर गठुडं, तोंड खिडकीकडं. मला वाटलं घाबरली. चाकूरला गाडी थांबली तवा ती वळली.

"तेरेकू गुस्सा आया. मेरेकू बी आया. पन मेरेकू पूछना था. छे महिने मेरे बी थे."

विचारायचं, हा कायदा मीच केलेला.

"चुकलं माझं," मी म्हणलं. "विचारलं असतं तर काय म्हणली असतीस?"

"हाव बोलती थी. पन पूछना था."

नांदेड येईपर्यंत आम्ही दोघी रडलो न्हाई. नसीमला सासूचं दोन महिने ऐकावं लागलं. बाकीच्या तिघींपैकी एक सोडून गेली, तिच्या घरचे म्हणले, भांडखोर बायांबरोबर काम नको. मी तिला बोल लावत न्हाई. साठ शर्ट खोलीत पडून होते. त्यातले काही अजून हायत. कुणाला वाटत असंल की मी गोड शेवट सांगीन, तर तो माझ्याकडं न्हाई.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आवाज मधाचा. गिऱ्हाइकं त्याच शर्टाचं विचारतात म्हणे. दुसरीकडनं शिवून बघितले, तसे बसत न्हाईत म्हणे. "झालं गेलं विसरून जा. माल पाठवा. तुम्हाला लातूरला यायची पण गरज नाही."

मी फोनवर हात ठेवला. ह्या वेळी विचारलं. "नसीम, काय सांगू?"

नसीमनं कातर खाली ठेवली न्हाई. "पैले माप," म्हणली.

मी फोन कानाला लावला. म्हणलं, "मॅडम, तुम्ही नांदेडला या. नसीमच्या हातचा चहा प्या, उपास नसंल त्या वारी या. मग उभं राहा. मी माप घेईन. खांदा, छाती, कंबर, बाही. माझ्या हातानं. ते झालं की मालाचं बोलू."

त्यांनी फोन ठेवला.

आता प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत पट्टी शिवते. तिच्यावर माझं नाव, पूर्ण आडनावासकट, न् नसीमचं. मानेला लागंल अशा जागी. घालायचा असंल तर ते नाव अंगाला लावूनच घालावा लागंल.

माझा टेप आता उंबऱ्यावरनं कुणाकडं जाणार न्हाई. माझ्या गळ्यात हाय. शर्ट पायजे त्यानं जवळ यावं.